थेक्ला नावाच्या बाईस द्यावयाचा निरोप

मी, मिस एनिड मॉड प्रोबर्ट, वय वर्षे एकोणसत्तर, जर्मन भाषेची निवृत्त शिक्षिका, राहणार लडलो, परगणा श्रॉपशायर, आज माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कुणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, तर माझ्या मर्जीने ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिल्यात मी सगळे माझा भाऊ आयव्हर याला दिले होते, पण तो माझ्या आधी गेला. दुसरे मी रागाच्या भरात केले होते, त्याबद्दल इथे बोलत नाही.

माझे डोके ठिकाणावर आहे. असे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते, पण माझ्या बाबतीत नुसते लिहून भागणार नाही, असे माझे वकील मि. लेकन यांचे म्हणणे पडले. म्हणून डॉ. गेथिन येऊन मला तपासून गेले. त्यांनी पंतप्रधानांचे नाव विचारले. मी नाव सांगितले आणि माझे मतही सांगितले. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी शून्याच्याही खाली जाऊ लागले तेव्हा ते म्हणाले, "पुरे, मिस प्रोबर्ट." हृदय मात्र थकले आहे. ते आणखी किती चालेल हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

डोक्याची एवढी खातरजमा कशाला, तर पुढे कलम सहापासून मी जे लिहिणार आहे ते वाचून माझा भाचा क्लाइव्ह कोर्टात जाईल आणि आत्याला भ्रम झाला होता म्हणेल, अशी वकिलांना धास्ती होती. "कारणे लिहा," ते म्हणाले. "अगदी मुळापासून लिहा. नुसती इच्छा लिहिली तर ती लहर वाटते." मुळापासून लिहायचे तर वेळ लागेल. आधी किरकोळ गोष्टी उरकते.

कलम १. मि. ह्यूबर्ट लेकन यांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमते. ते कामाला हळू आहेत, पण खोटे बोलत नाहीत. त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांचे मृत्युपत्र केले होते आणि त्यात पुढे काही भानगड निघाली नाही.

कलम २. माझे मांजर, नाव बिशप, शेजारीण मिसेस ऑलवेन प्यू यांना द्यावे. ऑलवेनला खरे तर या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. त्यासाठी तिने चष्म्याच्या काचासुद्धा बदलून आणल्या. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा कायदा आहे. मी तिला म्हटले, "बाई, सही हवी की मांजर, एक काय ते सांग." तिने बिशपकडे पाहिले. मग म्हणाली, "सही काय पायाशी येऊन झोपणारे?" बिशपला मासळी उकडून घालावी. डब्यातल्या मासळीला तो तोंड लावत नाही आणि या वयात त्याला नवीन सवयी लावण्यात अर्थ नाही.

कलम ३. माझ्या वडिलांची घड्याळदुरुस्तीची हत्यारे, म्हणजे चिमटे, बारीक पेचकस, डोळ्याला लावायचे भिंग आणि तेलाची पितळी कुपी, ही सगळी चर्चच्या मनोऱ्यातल्या घड्याळाला चावी देणारे मि. टज यांना द्यावीत. ते घड्याळ कित्येक वर्षे मागे पडते आहे. हे मी मि. टज यांना रस्त्यात सांगितले, बसमध्ये सांगितले आणि एकदा एका दफनविधीलाही सांगितले. त्यांचे एकच उत्तर, "घड्याळ बरोबर चाललंय मिस प्रोबर्ट, तुम्हीच घाईत असता." आता हत्यारे हातात आल्यावर ते कोणती सबब सांगतात हे ऐकायला मी नसेन, याचे मला वाईट वाटते.

कलम ४. निळ्या फुलांचा चहाचा संच क्लाइव्हची बायको मॉरीन हिला द्यावा. "एवढा नाजूक संच तुम्हाला एकट्यांना धुवायला किती त्रास होत असेल," असे ती दर भेटीला म्हणते. तिची काळजी यामुळे मिटेल. साखरेच्या भांड्याचे झाकण फुटके आहे. ते आयव्हरने फोडले, मी नव्हे.

कलम ५. माझा भाऊ आयव्हर प्रोबर्ट याची युद्धातली पदके माझ्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत. ती त्याचा मुलगा क्लाइव्ह याला द्यावीत. त्याला कसलीही अट नाही.

पदकांवरून एक गोष्ट सांगावी लागते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आयव्हर आफ्रिकेच्या वाळवंटात लष्करी ट्रक चालवत होता. परत आला तेव्हा आईने त्याला आवाजावरून ओळखले, इतका तो वाळला होता. मी युद्धभर सरकारी कचेरीत कारकुनी केली, असे घरात सगळ्यांना ठाऊक होते. तसेच मी सांगितले होते. त्यावरून आयव्हर मला जन्मभर चिडवत राहिला. "आम्ही वाळू खात होतो आणि आमच्या बाईसाहेब फायली लावत होत्या. चहा पिऊन पिऊन हिटलरला हरवला हिने." तो वाईट नव्हता. त्याची जीभच तशी होती. पण दर ख्रिसमसला, भरल्या टेबलावर, तीच थट्टा ऐकून हसायचे म्हणजे काय असते, हे ज्याने ऐकले त्यालाच कळेल.

अशाच एका ख्रिसमसला त्याने सांगितले की अलामेनच्या लढाईआधी त्यांच्या ट्रकांची रांग एका कोरड्या ओढ्याच्या पात्रात अडकून पडली होती. "रोज सकाळी त्यांची विमानं यायची. बॉम्ब टाकायची आणि जायची. आम्ही ट्रकखाली पोटावर पडून राहायचो आणि आज कोणाचा नंबर ते बघायचो. आणि एका सकाळी आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. पेट्रोल संपलं असणार त्यांचं." आई म्हणाली, "देवाची कृपा." आयव्हरने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "छे गं, एनिडने इकडे एखादी फाइल लावली असेल." सगळे हसले. ओढ्याचे नाव त्याने बोलता बोलता घेतले होते आणि ते मी पूर्वी वाचलेले होते. मी उठून विचारले, "आणखी बटाटे कुणाला हवेत?"

कलम ६. आता कारणे.

१९४१ पासून युद्ध संपेपर्यंत मी ब्लेचलीला होते. जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याचे काम तिथे चालत असे. पहिल्याच दिवशी एका अधिकाऱ्याने आमच्याकडून शपथ लिहून घेतली. आईबापांना नाही, नवऱ्याला नाही, मरताना पाद्र्यालाही सांगायचे नाही, असे तो म्हणाला आणि मी सही केली. आता या गोष्टी पुस्तकांत छापून आल्या आहेत, टीव्हीवर म्हातारे लोक येऊन बोलतात. लिहायला हरकत नाही, हे मि. लेकन यांनी दोन ठिकाणी विचारून मला सांगितले. तरी वरचे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले आहे. इतकी वर्षे मिटलेले तोंड एकदम उघडत नाही.

जर्मनांकडे संदेश गुप्त करायचे एक यंत्र होते. दिसायला टाइपरायटरसारखे, आत चाके. संदेश पाठवणाऱ्याने प्रत्येक वेळी चाकांवर स्वतःच्या मनाने अक्षरे लावायची. आधी तीन, मग आणखी तीन. पहिली तीन तो उघड पाठवी, पुढची तीन यंत्रातून झाकून. अक्षरे अशी लावायची की त्यात कसलाही अर्थ असता कामा नये, असा त्यांचा कडक नियम होता. पण मनाला येतील ती लावा म्हटले की माणूस मनात असेल तेच लावतो. कुणी शिवी लावी, कुणी आपले गाव. आम्ही दहा-बारा मुली टेबलाशी बसून हेच शोधत असू, की आज कोण कंटाळला आहे, कोण दमला आहे, कुणाला घरची आठवण आली आहे. तेवढी एक चीर सापडली की त्या दिवसाची चावी मिळे, आणि ती चावी वापरणाऱ्या सगळ्यांचे संदेश वाचता येत.

आफ्रिकेतल्या त्यांच्या एका विमानतळावर असा एक माणूस होता. त्याची पहिली तीन अक्षरे रोज सकाळी तीच असत, टी, एच, ई. पुढची तीन काय असतील हे आम्हाला कळेना. माझ्या शेजारी बेरिल हेक्स बसत असे. ती युद्धाआधी एक वर्ष ड्रेस्डेनला शिकायला होती. एके दिवशी ती पेन्सिल चावत म्हणाली, "माझ्या तिथल्या घरमालकिणीचं नाव थेक्ला होतं. मेली मोजून बटाटे वाढायची." आम्ही पुढे के, एल, ए लावून पाहिले आणि ते चपखल बसले. सहा अक्षरांची थेक्ला.

त्या दिवसापासून आम्ही त्याला नवरदेव म्हणू लागलो. त्याचे खरे नाव आम्हाला कधीच कळले नाही. दूर दुसऱ्या गावात कानाला यंत्र लावून जर्मनांची टकटक टिपून घेणाऱ्या मुली होत्या, त्यांना त्याचा हात ओळखू येई. त्या कळवत, हा शेवटचे अक्षर वाजवताना जरा रेंगाळतो. बस, एवढीच आमची ओळख. सकाळी कामावर आले की पहिला प्रश्न, "नवरदेव उठला का?" आणि उठलेला असे. सगळ्यात आधी बायकोचे नाव घेऊन मग कामाला लागे. बायको की आई की लेक, ते देवाला ठाऊक. आम्ही तरुण होतो, म्हणून आम्ही बायकोच धरली.

१९४२ च्या उन्हाळ्यात एका सकाळी थेक्ला आली नाही. भलतीच अक्षरे आली, नियमाप्रमाणे, अर्थ नसलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. चावी मिळेना. आमचे टेबल आंधळे झाले. बेरिल म्हणाली, "भांडले की काय गं दोघं?" मी म्हटले, "पत्र आलं नसेल तिचं." आमचे साहेब मि. फॅरो दारातून डोकावून विचारत, "काय म्हणतो नवरदेव?" बेरिल सांगे, "रुसलाय, सर." ते मान हलवून जात. वरून थट्टा चालली होती, पण सुटायची वेळ झाली तरी टेबलावरून कुणी उठत नव्हते. माझा आयव्हर तिकडेच कुठेतरी होता. कुठे ते माहीत नव्हते. मी रोज सकाळी टेबलाशी बसताना मनात म्हणे, अरे बाबा, घे की तिचं नाव. एकदा घे. ज्याच्यासाठी प्रार्थना करत होते तो शत्रू होता, आणि त्याने बायकोवर प्रेम करावे म्हणून मी देवाला साकडे घालत होते, ते त्याचा घात व्हावा म्हणून. हे मला तेव्हाही कळत होते.

आठवड्याने ती अक्षरे परत आली. टी, एच, ई. बेरिलने माझी पापी घेतली. सगळ्या टेबलाने टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दुपारपर्यंत चावी हाती आली. त्या दिवशीच्या संदेशांत पेट्रोलचे ट्रक कोणत्या वाटेने, कधी, कोणत्या धावपट्टीला पोचणार ते होते, आणि तिथून उडणारी विमाने कशावर बॉम्ब टाकत होती तेही होते. त्यातच त्या ओढ्याचे नाव होते. आम्ही ते वर पाठवले. वरून पुढे गेले. त्यानंतर दोन दिवसांनी नवरदेवाचे यंत्र बंद पडले. ऐकणाऱ्या मुली कित्येक दिवस त्याच्या जागेवर कान लावून बसल्या. मग तिथे दुसराच हात आला, घाईचा, अगदी नियमाने वागणारा.

मागचे संदेश उलगडल्यावर आम्हाला कळले की त्या आठवड्यात त्यांच्या अधिकाऱ्याने सगळ्यांना कडक ताकीद दिली होती. चाकांवर नावे लावणाऱ्याला शिक्षा होईल, असे त्यात स्वच्छ म्हटले होते. आठवडाभर त्याने ऐकले. आणि मग ताकीद डोक्यावर असताना त्याने पुन्हा तिचेच नाव लावले.

"तुम्हाला पश्चात्ताप होतो का?" असे मि. लेकन यांनी मला विचारले. नाही होत. ती सकाळ उद्या पुन्हा आली तर मी पुन्हा टाळ्या वाजवीन. आमची माणसे जगायला हवी होती. पण मला वाईट वाटते, आणि ते इतक्या वर्षांत कमी झालेले नाही. शिक्षेची भीती असताना त्याने तिचे नाव घेतले, हे आठवणाऱ्या आम्ही शेवटी दोघीच उरलो होतो. बेरिल गेली. आता मी एकटीच. आणि जिला माहीत असायला हवे, तिला कदाचित एवढेच माहीत असेल की तो परत आला नाही.

शपथेमुळे मी तिला शोधूही शकत नव्हते. एकदा मोठी दाढ काढायची होती, तर गुंगीत काही बरळेन म्हणून मी भूल घेतली नाही. दातांच्या डॉक्टरने गावभर सांगितले की प्रोबर्टबाई वेडी आहे. आयव्हर १९६९ साली गेला. त्याच्या उशाशी मी रात्रंदिवस बसले होते, तेव्हा तो म्हणाला, "बघ, इथंही बसूनच आहेस." मी म्हटले, "हो." त्यानंतर पाच वर्षांनी बंदी उठली. पाच वर्षे काही फार नव्हती, पण त्याच्याकडे ती नव्हती.

बंदी उठल्यावर मी जर्मनीत गेले. युद्धात हरवलेल्यांचा शोध घेणारी एक कचेरी होती, तिथे खिडकीशी एक तरुण बाई बसली होती.

"आडनाव?"

"माहीत नाही."

"त्यांच्या यजमानांचं नाव?"

"माहीत नाही. यजमान होता की मुलगा होता, तेही माहीत नाही."

"मग आपल्याला नक्की काय माहीत आहे?"

"तो रोज सकाळी तिचं नाव घ्यायचा."

तिने पेन खाली ठेवले. मग हळूच म्हणाली, "बाई, त्यासाठी आमच्याकडे रकाना नाहीये हो." तिने मला प्यायला पाणी दिले. मी परत आले.

गेल्या वर्षी, डॉ. गेथिन यांनी हृदयाचे सांगितल्यावर, मी जर्मन वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. आफ्रिकेत १९४२ साली बिनतारी संदेशाच्या कामावर असलेल्या माणसाची थेक्ला कुणी असल्यास, तिच्यासाठी निरोप आहे, असा मजकूर आणि खाली माझा फोन. फोन आले. मला वाटले होते त्यापेक्षा जास्त आले, आणि त्यातला एकही तिचा नव्हता. एका बाईचा नवरा रशियात हरवला होता. "नक्की आफ्रिकाच ना? रशिया असेल, तुमची चूक होत असेल," असे ती मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मी नाही म्हटले तेव्हा ती रडू लागली. फोन तिने ठेवला नाही आणि मलाही ठेवता येईना. एका माणसाने नुसत्या शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या, त्याचा भाऊ गेला होता.

मग त्सेले गावाहून मिसेस थेक्ला ब्रिंकमन यांचा फोन आला. वयाने माझ्याहून मोठ्या. आवाज खणखणीत. ऑलवेन तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात होती, तिला भाषा कळली नाही, पण ती साक्ष देईल की मी उभी होते ती खाली बसले.

"माझा नवरा आल्विन सैन्यात पाव भाजायचा," त्या म्हणाल्या. "पूर्वेकडे होता. यंत्राबिंत्रातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सायकलची साखळी निघाली तरी मला हाक मारायचा."

"मग तो हा नव्हे, मिसेस ब्रिंकमन. माफ करा."

"ते कळतंय मला. जाहिरात नीट वाचलीय मी." तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "दुसरी कुणी आली का?"

"नाही."

"येईल असं वाटतं?"

"आता नाही वाटत."

"मग मी घेते तो निरोप. नाव तर तेच आहे. तुमच्यापाशी पडून राहण्यापेक्षा बरं."

मी तिथेच सांगू लागले, तर त्यांनी मला थांबवले. "फोनवर नको. आल्विन गेल्याची बातमी मला छापील कागदावर आली. त्यात नुसतं नाव हातानं भरलेलं होतं. हे मला माणसाच्या तोंडून ऐकायचंय, समोर बसून. या तुम्ही. मी केक करते."

मी तिकीट काढले. लडलोच्या स्टेशनवर, बॅग हातात असताना, मी पडले. आता डॉ. गेथिन मला जिनासुद्धा चढू देत नाहीत. मिसेस ब्रिंकमन यांना मी कळवले. त्या म्हणाल्या, "मी इथंच आहे. पण फार उशीर करू नका, मीही काही तरुण नाही."

कलम ७. माझे राहते घर, बागेसकट, भाचा क्लाइव्ह याला द्यावे. त्याने आधी स्वतः त्सेलेला जाऊन, मिसेस ब्रिंकमन यांच्यासमोर बसून, निरोप तोंडाने सांगावा आणि मगच घराचा ताबा घ्यावा, अशी अट मी घातली होती. गेल्या रविवारी तो आणि मॉरीन आले तेव्हा मी त्याला नवरदेवाची गोष्ट सांगितली.

"आत्या, पण ती बाई ती नाहीच आहे," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"मग मी निरोप कुणाला सांगायचा?"

"थेक्लाला."

"चुकीच्या थेक्लाला."

"बरोबरची कुठे आहे ते सांग, मी तुला तिकडे पाठवते."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि तेही जर्मनमधून? तूच मला वर्गात नापास केलं होतंस, आठवतंय ना?"

"दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा तू वही घरी विसरला होतास. यात वही लागत नाही."

मॉरीन म्हणाली, "फोनवर सांगून नाही का चालणार, आत्या? जाऊन-येऊन केवढी दगदग." मी तिला आणखी केक वाढला.

काल मि. लेकन आले आणि खुर्चीच्या कडेवर बसून चष्मा पुसू लागले, तेव्हाच मी ओळखले. "मिस प्रोबर्ट, ही अट टिकेल अशी खात्री मला देता येत नाही. क्लाइव्हने हरकत घेतली तर घर त्याला असेही मिळेल. तो जाऊन आला म्हणाला, तरी तपासणार कोण? आणि त्या बाईच त्याआधी गेल्या, तर?"

त्यांचे बरोबर आहे. मी रात्री पुष्कळ विचार केला आणि मला दुसरी वाट सापडली नाही. म्हणून ती अट मी खोडली आहे. घर क्लाइव्हला बिनशर्त मिळावे. बागेकडच्या दाराला पावसात फुगवटा येतो, ते उचलून ढकलावे.

आता माझ्या हातात काही नाही. आता ही नुसती विनंती आहे आणि मि. लेकन ती तुला वाचून दाखवतील. क्लाइव्ह, रविवारी मी तुला अर्धेच सांगितले, कारण मॉरीन चहा ओतत होती आणि मला तुझ्यासमोर रडायचे नव्हते. तुझा बाप त्या ओढ्यातून बाहेर आला, कारण विमाने आली नाहीत. विमाने आली नाहीत, कारण पेट्रोल पोचले नाही. पेट्रोल पोचले नाही, कारण त्याची वाट आम्हाला कळली, आणि वाट कळली ती एका माणसाला राहवले नाही म्हणून. त्यानंतर पाच वर्षांनी तू जन्मलास. तू लहानपणी तापात माझ्या मांडीवर झोपायचास, तेव्हा तुझ्या पाठीवरून हात फिरवताना मला नेहमी तो माणूस आठवायचा. मी हे कुणाला सांगू शकत नव्हते. घर तू माझ्याकडून घेतो आहेस. त्याच्याकडून तू आधीच घेतले आहेस.

मी तुझ्यावर सक्ती करू शकत नाही. तू जा, असे मला वाटते.

कलम ८. निरोप पुढीलप्रमाणे आहे. तो पाठ करून सांगावा, कागद पुढे करू नये.

"थेक्ला, आफ्रिकेत एक माणूस होता. रोज सकाळी कामाला लागण्याआधी तो तुझे नाव घेत असे. मधे एक आठवडा त्याने ते घेतले नाही. तो विसरला नव्हता. त्याला मनाई केली होती. मनाई उठली नव्हती, तरी त्याने पुन्हा घेतले."

याच्यापुढे काही जोडू नये. तिने काही विचारल्यास माहीत नाही असे सांगावे, कारण ते खरे आहे. केक दिल्यास खावा. तिला आल्विनबद्दल बोलायचे असेल, तर उठायची घाई करू नये.

वरचा सगळा मजकूर मि. लेकन यांच्या कचेरीतल्या मिस आयरिन प्रॉसर यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला आणि तो बरोबर आहे. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "आणि ते गेलेच नाहीत तर, मिस प्रोबर्ट?" मी म्हटले, "तर नाही गेले." हे शेवटचे बोलणेही कागदावर घ्यावे, असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते घेतले आहे.

सही: एनिड मॉड प्रोबर्ट

मिस प्रोबर्ट यांनी आम्हा दोघांच्या समोर, शुद्धीवर असताना, चष्मा न लावता सही केली आणि त्यांच्या समोरच आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार: डॉ. मार्कस गेथिन, लडलो
साक्षीदार: मिस आयरिन प्रॉसर, लडलो

स्थळ: लडलो
दिनांक: ११ नोव्हेंबर १९८६